मरियेचा रडलेला चेहरा

सुवार्ताताई,

काल कामावरून येताना मी पुन्हा त्या चर्चमध्ये जाऊन बसले. चित्र अजून डब्लिनहून परत आलेलं नाही. भिंतीवर त्याच्या आकाराचा एक फिकट चौकोन आहे आणि त्याखाली कुणीतरी नेहमीसारख्या मेणबत्त्या लावून गेलं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बघ, रिकाम्या भिंतीलाही हात जोडतात लोक. तुझेच भाऊबंद." मग मी काहीतरी उत्तर दिलं असतं आणि आपण गाडीत बसेपर्यंत भांडलो असतो.  तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि मला अजून कुणाशी धड भांडता आलेलं नाही.

आपली ओळख माझ्या मनगटामुळे झाली. आयर्लंडला, इथे स्लायगोला येऊन मला दोनच महिने झाले होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायच्या बारीक जाळ्या, म्हणजे स्टेंट, बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर म्हणून लागले होते आणि गोठलेल्या पायऱ्यांवरून पहिल्याच हिवाळ्यात घसरले. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर हाड जागेवर बसवत होते, तेव्हा मी 'आई गं' म्हणून ओरडले. पडद्यापलीकडून आवाज आला, "आई लांब आहे. मी आहे. कुठली गं तू?"

मी पुण्याची, तुम्ही नगरच्या. तुम्ही इथे वीस वर्षं नर्स होतात आणि त्या वॉर्डात तुमच्या शब्दापुढे कुणाचं चालत नव्हतं. माझा हात प्लास्टरमध्ये, गाडी चालवता येईना, म्हणून दीड महिना तुम्ही मला तुमच्या गाडीतून घरी सोडलंत. पहिल्याच दिवशी वाटेत एका छोट्या दगडी चर्चपाशी गाडी थांबवलीत. "पाच मिनिटं," म्हणालात. "बस नाहीतर ये."

मी आले. आत ओल्या कोटांचा आणि मेणाचा वास होता. डावीकडच्या भिंतीवर ते चित्र होतं. धुराने इतकं काळं झालेलं, की आधी मला फक्त एक पांढरं कापड दिसलं. मग हळूहळू त्या कापडातलं येशूचं शरीर दिसलं, ते क्रूसावरून उतरवणारी माणसं दिसली आणि खाली एका बाजूला उभी मरिया. शांत, गोरी, खाली वळलेल्या पापण्यांची. मी सवयीने चप्पल काढायला पायाकडे बघितलं आणि धडधाकट हात छातीशी नेऊन डोकं वाकवलं.

तुम्ही हसलात. "अगं, चित्र आहे ते. मूर्ती नाही."

"मग तुम्ही काय करता इथे?"

"बघते."

तुमचे वडील पाळक होते. नगरच्या तुमच्या चर्चमध्ये पांढरी भिंत आणि साधा लाकडी क्रूस, बाकी काही नाही. देवाचं चित्र काढलं की माणूस चित्रातच अडकतो, असं ते सांगायचे. इथेही रविवारी तुम्ही प्रोटेस्टंटांच्याच उपासनेला जायचात. पण आठवड्यातून तीन-चारदा या कॅथलिक चर्चमध्ये पाच मिनिटं येऊन त्या काळ्या चित्रापुढे बसायचात आणि हे वडिलांना कधी कळवलं नव्हतंत. मी म्हटलं, "ताई, आम्हीसुद्धा देवळात दर्शनालाच जातो. दर्शन म्हणजे बघणंच. मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?"

तुम्ही गाडी सुरू केलीत. मग म्हणालात, "उत्तर देईन. विचार करून देईन."

ते उत्तर तुम्ही सहा वर्षं लांबवलंत.

मला चित्र बघायला तुम्ही शिकवलंत, आणि तेही नर्ससारखं. पुस्तकात वाचून आलेल्या लोकांसारखं नाही. पहिल्यांदा मला तुम्ही येशूच्या बगलेखालचा हात दाखवलात. शिडीवरच्या म्हाताऱ्याने त्याला कापडातून धरलंय, उघड्या हाताने नाही. "हे भक्तीने असेल," म्हणालात, "पण कापडाने पकड पण चांगली बसते. उघडा हात घसरतो." मग ओठांचा निळेपणा दाखवलात, बोटांच्या टोकांचा करडा रंग दाखवलात. "दोन-तीन तास झालेत. या चित्रकाराने मेलेला माणूस जवळून बघितलाय." आणि मग ते डोकं. मेलेल्या माणसाचं डोकं सगळ्यात आधी पडतं, ते सावरायला एक वेगळं माणूस लागतं, आणि बहुतेक चित्रकार ते विसरतात, असं तुमचं म्हणणं होतं. याने मात्र मागे अंधारात एक तरुण मुलगी उभी केली होती. तिचं काम एवढंच, दोन तळहातांवर डोकं घेणं. तुम्ही दाखवेपर्यंत ती मला दिसलीच नव्हती. सतराव्या शतकातल्या कुण्या नाव नसलेल्या फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या, चित्रकाराची गुणवत्ता तुम्ही अशी तपासलीत, आणि मी कारखान्यात रोज तेच काम करते तरी मला असं कधी बघता आलं नव्हतं.

चित्र इथे कसं आलं याची एक गोष्ट फादर डोनल सांगतात. इथे कॅथलिकांवर बंदी होती त्या काळात बेल्जियमला शिकायला गेलेल्या एका पाद्र्याने ते गुंडाळून आणलं आणि कुणाच्या तरी गोठ्यात लपवलं. डब्लिनहून चित्र तपासायला आलेली ऑर्ला म्हणाली, याला पुरावा काहीच नाही. फादर म्हणाले, "पुरावा नसला तरी गोष्ट ग्रँड आहे." तुम्हाला ते फार आवडलं होतं; इथे नुसत्या 'ठीक आहे'लाही ग्रँडच म्हणतात.

ऑर्ला जुन्या चित्रांची डागडुजी करते. गेल्या उन्हाळ्यात चित्र तिच्या स्टुडिओत गेलं, काजळी काढायला. त्याच उन्हाळ्यात तुमच्या तपासण्या सुरू झाल्या.

तुम्ही मला ऑगस्टमध्ये सांगितलंत. तुमच्या किचनमध्ये. तुम्ही कपाट आवरत होतात, सगळ्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या लावत होतात: हळद, धने, तीळ, कारळं. मी म्हटलं, एवढं काय आवरताय. तुम्ही 'बाजरी' अशी चिठ्ठी चिकटवलीत, अंगठ्याने नीट दाबलीत आणि रिपोर्टमध्ये काय आलंय ते सांगितलंत. स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतातही. मग म्हणालात, "संदेशला कळता कामा नये."

तुमचा लेक जानेवारीत दोन वर्षांसाठी कॅनडाला जाणार होता. डब्लिनमधलं सिटीवेस्टचं भाड्याचं घर सोडायची नोटीस त्याने दिली होती. तुम्ही म्हणालात, त्याला कळलं तर तो जाणार नाही, आणि नाही गेला तर मी त्याच्या पायात बेडी घातली असं होईल. त्याचे पप्पा गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून तुम्ही त्याच्यासमोर एकदाही रडला नव्हता. हे तुम्ही मला अभिमानाने सांगितलंत. मी हो म्हटलं. ताई, मी तुम्हाला शब्द दिला होता हे मी विसरलेले नाही.

ऑक्टोबरमध्ये ऑर्ला फोटो घेऊन आली आणि चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये सभा भरली. चहा, सँडविच, तीसेक माणसं. तिने सांगितलं की मरियेचा शांत चेहरा मूळचा नाही. दीड-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो वरून रंगवलाय. खाली दुसरा चेहरा आहे. तिने डोळ्याच्या कोपऱ्यात नखाएवढा रंग उतरवून बघितला होता. फोटोत त्या गोऱ्या गालाच्या वर एक सुजलेली, लालसर पापणी दिसत होती. प्रश्न असा होता की वरचा रंग काढायचा की ठेवायचा.

ब्रीज उठली. ब्याऐंशी वर्षांची, काठी टेकत. "फादर," ती म्हणाली, "माझी आई गेली, नवरा गेला, दोन्ही वेळा मी त्या चेहऱ्याशी बोललेय. तिने माझं सगळं ऐकलंय. आता तुम्ही मला दुसरीच बाई दाखवणार?"

 तेव्हा तुम्ही उभ्या राहिलात. बाहेरच्या, दुसऱ्या पंथाच्या, पण तिथल्या निम्म्या लोकांना तुम्ही कधी ना कधी टाके घातले होते, त्यामुळे सगळे ऐकत होते. तुम्ही म्हणालात, "ब्रीजचं बरोबर आहे. ज्याने झाकलं त्याने काही विचार करूनच झाकलं असेल. राहू द्या."

गाडीत मी गप्प बसले नाही. "ताई, तो चेहरा खोटा आहे."

"खोटा कसा? रंगाचाच आहे, तोही आणि हाही."

"खालचा चित्रकाराने काढलाय."

"आणि वरचा लोकांनी सांभाळलाय. आयुष्यभर रडतानाच दिसावं असं तिला वाटलं असेल का?"

"तुम्ही मरियेबद्दल बोलत नाही आहात," मी म्हटलं.

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. "गाडी चालव, मेधा."

त्यानंतर तीन आठवडे मी झोपेत आणि जागेपणी एकच गोष्ट मोजत होते. संदेशचं विमान कधी, आणि तुमच्याकडे किती दिवस. दोन्ही आकडे जुळत नव्हते. नोव्हेंबरच्या एका शनिवारी मी स्लायगोहून सकाळची ट्रेन पकडली, डब्लिनला उतरून लाल लाइनची लुआस ट्राम घेतली आणि सिटीवेस्टला गेले. ट्राममध्ये शेवटच्या स्टॉपांपर्यंत मी परत फिरायचं ठरवत होते. संदेशने दार उघडलं, मागे पुठ्ठ्याचे खोके. तो हसला, "मेधामावशी, वॉट अ सरप्राइज." तुम्ही म्हणायचात ना, मराठी सगळं कळतं याला, पण उत्तर आयर्लंडहून येतं.

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

तो खोक्यावर बसला. त्याने विचारलं, "मला कधी सांगणार होती ती?" आणि ताई, हे त्याने मराठीत विचारलं. मी म्हटलं, "नव्हती सांगणार." तो म्हणाला, "दर रविवारी फोन करतो मी. दर रविवारी म्हणते, 'आय'म ग्रँड.'" मग त्याने जॅकेट घातलं, गाडीची चावी घेतली आणि मला विचारलं, "येतेस की राहतेस?"

रात्र व्हायच्या आत आम्ही तुमच्या दारात होतो. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. त्याला आत घेतलंत. मला म्हणालात, "माझं दुखणं माझं होतं. ते कुणाच्या घरी न्यायचं हे ठरवायचा हक्क तुला कुणी दिला?" आवाज चढवला नाहीत. दार लावलंत. मी तुमच्या पायरीवर उभी होते.  हक्क कुणीच दिला नव्हता.

त्यानंतर तुम्ही माझे फोन घेतले नाहीत. मी डबा ठेवून जायचे, तो रिकामा होऊन धुतलेला पायरीवर मिळायचा, आत चिठ्ठी नाही. संदेश कळवायचा. कॅनडा रद्द केलं, घरूनच काम करतोय, आई चिडलीये, आई जेवली, आई जेवली नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी तुमचाच फोन आला. "ऑर्लाने बघायला बोलावलंय. संदेशला तिथलं पार्किंग जमत नाही. तू चल." एवढंच. मी रजा टाकली.

तो स्टुडिओ आठवतो मला, स्पिरिटच्या वासाचा, मोठ्या खिडक्यांचा. चित्र ईझलवर होतं. काजळी गेली होती आणि अंधारातून निळा, गेरू, एक कमालीचा हिरवा रंग वर आला होता. मरियेच्या चेहऱ्यावर ऑर्लाने परवानगी घेऊन एक पट्टी मोकळी केली होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत, साधारण निम्मा चेहरा. एका बाजूला ती ओळखीची शांत बाई. दुसऱ्या बाजूला पन्नाशीची एक बाई. लाल नाक, सुजलेला डोळा, ओठ उघडे आणि त्यांच्या कोपऱ्यात ओल.

तुम्ही अगदी जवळ गेलात. संदेशने तुमचं कोपर धरलं होतं. वॉर्डात पेशंटकडे बघता तसं तुम्ही तिच्याकडे बघितलंत. मग ऑर्लाला इंग्रजीत आणि आम्हाला मराठीत एकच गोष्ट दोनदा सांगितलीत. "ही आत्ता रडायला लागलेली नाही. आत्ता रडणाऱ्या बाईचं नाक असं नसतं. ही कालपासून रडतेय. आता रडण्याचं तिला भानच नाही, ती मुलाकडे बघतेय फक्त."

आणि मग तुम्ही खुर्ची मागितलीत. ऑर्लाने आणली. तुम्ही बसलात, पर्समधून रुमाल काढलात आणि तो वापरायच्या आतच रडायला लागलात. संदेश गुडघ्यावर बसला. तो तुमच्याकडे इतका घाबरून बघत होता, की मला वाटलं आत्ता काहीतरी बोलेल, थांब म्हणेल. त्याने तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं. तुम्ही त्याच्या केसांत हात घातलात आणि रडत राहिलात, आवाज करून. ऑर्ला चहा करते म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. मी खिडकीपाशी उभी राहून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघत होते. माझ्याकडे तुम्ही एकदाही बघितलं नाहीत.

निघताना तुम्ही ऑर्लाला म्हणालात, "माझ्या सांगण्यावरून काही करू नका. ब्रीजला इथे आणा. फोटो नको, इथे उभी करा. तिची ती बाई आहे, तिला ठरवू दे."

फादर डोनल जानेवारीत ब्रीजला घेऊन गेले. ती काठीवर दोन्ही हात ठेवून पंधरा-वीस मिनिटं उभी होती म्हणे. मग म्हणाली, "बिचारी. आणि आपण इतकी वर्षं तिला गप्प बसवलं." रंग काढा म्हणून तिनेच सांगितलं. मी हे तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही पलंगावरून उठत नव्हतात. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "ब्रीज शहाणी आहे. तुझ्यासारखी घाई करत नाही." मी त्याला समेट समजायचं का, हे मला कळलं नाही.  तुमच्या पायाला तेल लावलं आणि घरी आले.

त्या शेवटच्या आठवड्यांबद्दल मला संदेशकडून कळलं, कारण मी फक्त संध्याकाळी तासभर यायचे. तुम्ही त्याला शिकवत होतात म्हणे, एकेका दिवशी एक. चादर माणसाखालून कशी बदलायची. ओठ कसे ओले करायचे. कुशीवर वळवताना आधी डोकं धर, मग खांदा. एखाद्या नवीन नर्सला शिकवावं तसं, चुकला की ओरडून. तो म्हणाला, पप्पांबद्दल तुम्ही त्याला जितकं या दोन महिन्यांत सांगितलंत तितकं तीस वर्षांत सांगितलं नव्हतंत. तुम्ही मंगळवारी दुपारी गेलात. तो तुमच्याजवळ होता. मी कारखान्यात होते, मास्क आणि टोपी घालून जाळ्यांची एक पेटी तपासत होते, आणि फोन बाहेर लॉकरमध्ये होता.

मी आले तोवर तुम्हाला तुमची जांभळी साडी नेसवून झाली होती. शेजारणींनी चहाच्या किटल्या आणि सँडविचची ताटं आणली होती, घरभर खुर्च्या होत्या, ब्रीज तुमच्या उशाशी बसली होती. शुक्रवारी दफनाआधीच्या उपासनेत संदेश तुमच्याबद्दल मराठीत बोलला. त्या चर्चमध्ये त्याचं मराठी कळणारी मी एकटीच होते. आयरिश हेल, लिंगाच्या चुका, 'माझा आई' म्हणाला. मी आयुष्यात इतकं लक्ष देऊन मराठी ऐकलेलं नाही.

ताई, तुमच्या तोंडावर म्हणायचं राहिलं ते इथे लिहिते. मी शब्द मोडला. तुम्हाला त्याचं किती लागलं हे मी पायरीवर उभं राहून बघितलंय आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण पुन्हा तो नोव्हेंबर आला तर मी पुन्हा ती ट्रेन पकडीन. तुम्हाला हे ऐकून राग येईल. येऊ दे. आणि दर्शनाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. कदाचित तुमच्याकडे होतं आणि मला द्यायचं नव्हतं. कदाचित तुम्हीही नुसत्या बघतच होतात, आणि बघण्याने काय होतं ते तुम्हालाही सांगता येत नव्हतं.

एक गोष्ट संदेशने मला दफनानंतर सांगितली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने तुम्हाला विचारलं होतं, "मेधामावशीवर अजून रागावलीयेस?"

तुम्ही म्हणालात, "आहे."

मग थोडं थांबून, "शनिवारी तिला जेवायला बोलाव."

शुक्रवारी तुम्हाला मातीत ठेवून आलो. शनिवारी सकाळी संदेशचा फोन आला, "आईने बोलावलंय." मी गेले. त्याने वांग्याची भाजी केली होती, मीठ जास्त झालं होतं. आम्ही दोघांनी ती संपवली.

मेधा